चुटकीने लाडू का खाल्ला नाही?

वार्षिकांकासाठी लेख मागवणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या एका सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. "तू ऊसतोड कामगाराची मुलगी आहेस. त्या जीवनावर लिही. अनुभवातले लिहिलेले चांगले उतरते," असे ते म्हणाले. सरांचा हेतू चांगला होता आणि त्यांचे म्हणणे खोटेही नाही. पण खोलीवर येऊन वही उघडली, तेव्हा माझ्या मनात वेगळाच विचार आला. आमच्या बीड जिल्ह्यावर बाहेरचे लोक लिहितात ते याच विषयांवर. दुष्काळ, कोयता, स्थलांतर. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हाही पुष्कळ लिहिले गेले. आम्ही काय सोसतो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु आम्ही काय पाहतो, कशाला हसतो, कोणत्या खोट्या गोष्टीत रमतो, हे आम्हाला कोणी विचारत नाही. जणू गरिबाच्या पोराला नुसती परिस्थिती असते, कल्पनाशक्ती नसतेच.

म्हणून मी लिहिणार आहे ते कार्टूनवर आणि अद्भुत चित्रपटांवर. सरांनी क्षमा करावी आणि लेख शेवटपर्यंत वाचावा. फिरून फिरून मी कोयत्यावरच येणार आहे.

मी शाळेत होते तेव्हा माझे आईवडील दिवाळी आटोपली की कारखान्याला जात आणि पट्टा पडला की परत येत. अगदी लहानपणी मीही त्यांच्याबरोबर कोपीत राहिले आहे. पुढे शाळा बुडू नये म्हणून आम्हा तिघा भावंडांना गावी आजीपाशी ठेवू लागले. त्याच सुमारास शेजारी चुलत्यांच्या पत्र्यावर छत्री बसली, आणि संध्याकाळी आम्ही पाचसहा पोरे त्यांच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसू लागलो. दारातून दिसेल तेवढा टीव्ही आमचा.

त्या दारातून मी 'डोरेमॉन' पाहिले. ही मूळ जपानी चित्रकथा. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराने ती १९६९ च्या अखेरीस सुरू केली. बाविसाव्या शतकातून एक यंत्रमांजर येते, नोबिता नावाच्या ढ मुलाच्या घरी राहते, आणि पोटावरच्या खिशातून त्याला हवी ती वस्तू काढून देते. माझा भाऊ त्या वस्तूंवर खूश असे. मला मात्र त्या वस्तूंचे फारसे नवल वाटत नव्हते. मला नवल वाटे ते नोबिताच्या खोलीचे. त्या पोराला स्वतःची खोली होती, खोलीत टेबल होते, टेबलाला खण होता. आणि गंमत अशी, की काळातून मागेपुढे नेणारे यंत्र त्या टेबलाच्या खणातच होते! म्हणजे ज्याच्याकडे टेबल नाही, त्याला काळयंत्रही नाही. मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास करत असे. एकदा कोणी नसताना मी ती पेटी उघडून पाहिली. आत मायची लग्नातली साडी आणि रेशनकार्ड निघाले.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. गोष्ट सांगणारा ज्याला अगदी साधे, रोजचे म्हणून दाखवतो, तेच पाहणाऱ्याला सर्वात अद्भुत वाटू शकते. अद्भुत कशाला म्हणायचे, हे पाहणारा कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. उंबऱ्याबाहेर बसले की पुष्कळ गोष्टी अद्भुत दिसतात.

'छोटा भीम' मात्र आपल्याकडचा. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या कंपनीने तो काढला आणि २००८ पासून तो पोगो वाहिनीवर दिसू लागला. ढोलकपूर नावाचे गाव, गावाला राजा, आणि गावावर सतत येणारी संकटे. त्यात नोबितासारखी टापटीप खोली नव्हती. झाडे, नदी, माकड, धुळीत खेळणारी पोरे होती. म्हणून तो आम्हाला जास्त जवळचा वाटे. राक्षस आला की भीम मार खातो. मग त्याला लाडू मिळतो. लाडू खाल्ला की अंगात बळ येते आणि राक्षस चीत होतो. लाडू पोहोचवण्याच्या कामी पुष्कळदा चुटकी असते. चुटकी ही भीमाची मैत्रीण, आणि लाडू विकणारी टुनटुन मौसी ही तिची आई.

मी नऊ वर्षांची असेन. एके दिवशी ऐन लढाईत मी मोठ्याने विचारले, "लाडू हिच्या हातात आहे, घर हिचे आहे, तर ही स्वतःच का खात नाही?" सगळी पोरे हसली. भाऊ म्हणाला, "ती पोरगी आहे." घरी गेल्यावर आजीला विचारले, तर ती म्हणाली, "रांधणारीनं आधी खाऊ नाही, बाई." मायला फोनवर विचारले, तर ती म्हणाली, "कार्टूनच बघायलीस का अभ्यास बी करायलीस?"

माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही, किंवा असे म्हणता येईल की तिघांनीही दिले.

मी चुटकीवर अन्याय करू इच्छित नाही. ती भित्री नाही, हुशार आहे, प्रसंगी दोन हातही करते. परंतु मी पाहिलेल्या भागांत तरी गावाचे शेवटचे बळ भीमाच्याच अंगात आले, आणि तिच्या हातात लाडू राहिला. आमच्या घरी दूध थोडे असे तेव्हा ते भावाला मिळे. कोणी मला 'तू पिऊ नकोस' असे कधीच म्हटले नाही. पण 'तू घे' असेही कोणी म्हटले नाही. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. त्या पाहून पाहून अंगवळणी पडतात. म्हणून मला वाटते, की कार्टूनमध्ये लाडू कोण खातो ही किरकोळ बाब नव्हे. लहान मूल तेच दृश्य शेकडो वेळा पाहते. कायदा वाचून जे शिकता येत नाही, ते अशा लाडवातून शिकले जाते.

मोठ्यांच्या चित्रपटांतही पुष्कळदा हेच होते. २०१५ साली 'बाहुबली' आला, तेव्हा आमच्या वर्गातल्या सगळ्यांना धबधबा चढणाऱ्या नायकाचे वेड लागले. चित्रपट भव्य आहे यात शंका नाही, आणि शिवगामीसारखी करारी बाई त्यात आहे, हेही खरे. पण त्यातली अवंतिका आठवा. ती तलवार चालवणारी, अंगावर माती घेऊन फिरणारी लढवय्यी आहे. नायक भेटतो, तिच्याशी झुंजता झुंजता तिचे केस मोकळे करतो, तिला नटवतो, आणि जणू आता कोठे ती खरी बाई झाली असे आपल्याला दाखवले जाते. पुढे तिच्या कामगिरीचे काय झाले, हे मला तरी आठवत नाही. तिचा लाडू नायकाने खाल्ला.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मुळातच खोटे. खोट्यावर एवढा विचार कशाला? असल्या चमत्कारांनी पोरे बिघडतात, अंधश्रद्धा वाढते. हा आक्षेप आमच्या वर्गातही निघाला होता, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे चमत्काराची तरफदारी जपूनच करावी लागते.

माझे म्हणणे असे, की खोट्याचे दोन प्रकार आहेत. एक खोटे आपण खोटे आहोत हे आधीच सांगते. दुसरे खोटे खऱ्याचा आव आणते. कथा, कार्टून, अद्भुत चित्रपट हे पहिल्या प्रकारात येतात.

याचा उत्तम दाखला आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटात आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आणला, हे आपण पाठ केलेले असते. त्यातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण काम करायला बाई मिळेना. हे साळुंके उपाहारगृहात स्वयंपाकी होते. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या, तरी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले. हे सगळे मी परीक्षेपुरते वाचले होते. पण गेल्या वर्षी फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालियामर्दन' मोबाईलवर पाहायला मिळाला. मूकपट आहे, फार मोठा नाही. त्यात बाळकृष्ण आहे तो फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती.

चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे. आधी ती मुलगी आपल्यासमोर येते आणि निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळके आधी सांगतात, की बघा, ही एक साधी मुलगी आहे, आता आम्ही हिला देव करणार आहोत. आणि इतके सांगूनही ती डोहात उतरून कालियाशी झुंजू लागली, काठावर गोकुळ आक्रोश करू लागले, तेव्हा माझा श्वास अडकलाच. फसवणूक कोठे झाली? कोठेच नाही. आनंद मात्र झाला.

दुसरी गोष्टही माझ्या लक्षात आली, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. १९१९ साली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एक सात वर्षांची मुलगी नागाच्या फणीवर उभी राहून नाचली आणि तिने गाव वाचवले. लोणीही तिनेच खाल्ले! मग २००८ सालच्या चुटकीच्या वाट्याला लाडू पोहोचवण्याचे काम का यावे? आपण पुढे आलो की मागे गेलो?

दुसऱ्या प्रकारचे खोटे कसे असते, तेही सांगते. मी सातवीत असताना धाकट्या बहिणीला आठ दिवस ताप हटेना. मायबाप कारखान्यावर. शेजारणींनी बाहेरचे आहे असा निकाल दिला आणि आजीने देवऋषी बोलावला. तो लिंबू, कुंकू मांडून, डोळे फिरवून, घोगऱ्या आवाजात काही पुटपुटू लागला. घरात सगळे गप्प. इतक्यात माझा भाऊ फसकन हसला आणि म्हणाला, "तात्या विंचू!" महेश कोठाऱ्यांचा १९९३ सालचा 'झपाटलेला' त्याने टीव्हीवर इतक्यांदा पाहिला होता, की मंत्र म्हटले की त्याला रामदास पाध्यांची ती बाहुली आणि घाबरलेला लक्ष्मीकांत बेर्डेच आठवे. मलाही हसू आवरेना. आजीने पदर तोंडाला लावला, तो रागाने की हसू दाबायला, हे तिने कधी सांगितले नाही. देवऋषी चिडून उठला. दुसऱ्या दिवशी चुलतीने बहिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. रक्त तपासले, टायफॉईड निघाला.

एका सिनेमाने बहीण वाचवली असे मी म्हणणार नाही. ती औषधाने बरी झाली. पण बाहुलीच्या अंगात आत्मा शिरतो हे पाहून हसायला शिकलेल्या पोराला खरा मांत्रिक समोर आला तेव्हा भीती वाटली नाही, एवढे मात्र मी पाहिले आहे. उघड खोट्याची सवय असलेल्याला चोरटे खोटे लवकर ओळखू येते. आज मोबाईलवर खऱ्याच्या नावाने जे काही फिरते, ते पाहता ही सवय फार उपयोगी आहे.

अर्थात अद्भुत गोष्ट दुःख दूर करत नाही, हेही तितकेच खरे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. माझे आईवडील तिकडे कारखान्याच्या फडावर अडकले. इकडे दूरदर्शनवर रामानंद सागरांचे 'रामायण' पुन्हा लागले. १९८७-८८ साली ते आजीने गावातल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर बसून पाहिले होते. आता ते आम्ही चौघे मिळून पाहू लागलो. पुष्पक विमान आले तेव्हा आजी म्हणाली, "एवढी वानरं बसतेत त्यात, तुझ्या मायबापाला जागा न्हाई व्हय?" आम्ही हसलो, आणि मग कोणीच काही बोलले नाही. पुढे एप्रिलमध्ये मजुरांना परतण्याची परवानगी मिळाली आणि ते घरी आले. विमानाने नव्हे, ट्रकने.

मग अद्भुत गोष्ट करते तरी काय? याचे उत्तर मला वसतिगृहात, मैत्रिणीच्या मोबाईलवर मिळाले. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ सालचा कार्टूनपट आम्ही चौघींनी एका रात्रीत पाहिला. २००३ साली त्याला ऑस्कर मिळाले. खालची इंग्रजी अक्षरे भराभर जात होती. निम्मी आम्हाला वाचताच आली नाहीत. तरी गोष्ट कळली. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर एका ओसाड गावात शिरते. तेथले मांडून ठेवलेले अन्न आईवडील न विचारता खातात आणि त्यांची डुकरे होतात. त्यांना सोडवायचे तर चिहिरोला तेथे राहिले पाहिजे, आणि राहायचे तर काम केले पाहिजे. काम कुठे, तर देवांच्या स्नानगृहात. त्याची मालकीण युबाबा नावाची चेटकीण. ती करारावर सही घेते आणि मुलीचे नावच काढून घेते. त्यातले एक अक्षर ठेवून तिला 'सेन' म्हणू लागते. हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो, की स्वतःचे नाव विसरलीस तर घरी जाण्याची वाट कधीच सापडणार नाही.

येथे माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मला माहीत होते. मुकादमाच्या वहीत माणसांची नावे मोजत नाहीत, कोयते मोजतात. 'यंदा किती कोयते?' असे विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. उचल घेतो नवरा, अंगठा किंवा सही त्याची. माय पहाटे तीनला उठून भाकरी थापते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. आणि वहीत ती अर्धा कोयता असते. तिचे नाव कोठेच नसते.

ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत होते. पण ती मला 'दिसली' मात्र जपानी चेटकिणीमुळे. सर, अनुभवाचे लिही असे आपण म्हणालात. पण अनुभव फार जवळ असला की तो दिसत नाही. त्याला कधी कधी दूर, खोट्या देशात नेऊन ठेवावे लागते. अद्भुत गोष्टीचा उपयोग मला तरी हाच वाटतो. चिहिरो लाडू खाऊन जिंकत नाही. ती फरशी घासते, घाणीने लडबडलेल्या पाहुण्याला न्हाऊ घालते, आणि नाव विसरत नाही. तिच्या सुटकेला कष्टाची किंमत आहे, आणि ती किंमत तीच मोजते, तीच सुटते.

मी ही गोष्ट मायला फोनवर सांगितली. ती सगळे ऐकून म्हणाली, "मग पोरीला नाव माघारी मिळालं का?" मी म्हटले, मिळाले. "बरं झालं," ती म्हणाली.

शेवटी आपल्याकडच्या गोष्टींबद्दल. चित्र हलवून गोष्ट सांगणे आपल्याला बाहेरच्यांनी शिकवले, असा आपला समज असतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत एकामागून एक चित्र दाखवत, गात, रामायण-महाभारत सांगत आले आहेत. त्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. प्रभात कंपनीने १९३४ सालीच 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला होता. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला. १९७४ च्या 'एक अनेक और एकता'मागे विजया मुळे यांच्यासारखी बाई होती, आणि त्यात लहानांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी मोठी बहीणच आहे. २०१८ साली 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी कार्टूनपटही आला. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. आम्ही मात्र दारात बसून जे पाहिले ते हिंदीत पाहिले, आणि खेळतानाही हिंदीतच भांडलो.

आणि आजीची गोष्ट आठवते. भोपळ्यातली म्हातारी! ती अशक्त म्हातारी एकटी जंगलातून निघते, वाघाला थापा मारते, लेकीच्या घरी जाऊन महिनाभर तूप-लोणी खाऊन जाडजूड होते, आणि भोपळ्यात बसून वाघासमोरून निघून येते. ही बाई स्वतः खाते! रांधणारीने आधी खाऊ नये असे सांगणाऱ्या माझ्या आजीनेच ही गोष्ट आम्हाला शंभरदा सांगितली, आणि तूप-लोण्याचा भाग आला की तीच सर्वात जास्त रंगात येई. आजीला काय हवे होते, ते तिने रीतीत नव्हे, गोष्टीत सांगितले.

माझी धाकटी बहीण आता सहावीत आहे. तिच्यासाठी बीडच्या मातीतली एखादी अद्भुत गोष्ट कोणीतरी करावी असे मला फार वाटते. त्यात ऊस असावा, कोपी असावी, मुकादमाची जादूची वही असावी, आणि वहीतून आपल्या मायचे नाव सोडवून आणणारी मुलगी असावी. ती पेटीवर अभ्यास करणारी असली तरी चालेल. काळयंत्र पेटीतही मावते. आपल्या महाविद्यालयात चित्रे काढणारे आहेत, भारूड रचणारे आहेत, मोबाईलवर चित्रे हलवणारेही आहेत. पुढच्या वार्षिकांकात लेखाऐवजी ही गोष्टच छापता आली तर पाहा. लिहायला मी तयार आहे. लाडवाच्या प्रसंगाबद्दल मात्र माझी एक अट राहील, ती आता वाचकांना सांगायला नकोच.

– एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष